फक्त दोघांनी फिरायचं

३ एप्रिल २०१६, रविवार
काउन्सेलर बाईंनी होमवर्क दिला. प्रत्येक सीझनमध्ये एक दिवस दोघांनी फिरायचं. सकाळी युनिव्हर्सिटीतली जपानी बाग, दुपारी नॉर्थ व्हँकुव्हरची दरी, इथल्या भाषेत कॅनियन. फोन बंद. तिसरं माणूस नको.
छायाची तक्रार अशी, की लग्न झाल्यापासून मी घराची धर्मशाळा केली, दोघं कधी धड एकटे जेवलोही नाही. माणसं जोडणं हा गुण आहे, हे मी बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. प्रभाव पडला असावा.
संकल्प: होमवर्क शंभर टक्के करणार.

१० एप्रिल, रविवार
चेरी फुलल्या. काल भांडी आवरताना छाया म्हणाली, मला तुझ्याशी एक बोलायचंय, उद्या बागेत बोलू. रात्री दोनदा उठून पाणी प्यायलो. बहुधा बटाटेवडे बाधले.
सकाळी सहज माझ्या मित्राला, रवींद्रला फोन केला. तो आणि त्याची बायको वनिता लगेच तयार. वनिताने पुऱ्या-भाजीसुद्धा आणली.  गाडीत छायाला म्हटलं, अगं, जवळचीच माणसं, तिसरं कोण आहे त्यात?
बागेतली वाट अरुंद. मी आणि रवींद्र पुढे, बायका मागे. तळ्याकाठी पुऱ्या काढल्या तर तिथल्या व्हॉलंटियर आजी आल्या. इथे खायचं नाही म्हणाल्या. आपल्याकडे सहल म्हणजे काय, हे त्यांना सांगितलं. हसल्या, पण डबा बंद करायला लावला.
छाया वनिताशी बराच वेळ बोलत होती. मन मोकळं झालं असणार. माझ्याशी बोलायचं राहिलं ते राहिलंच. प्रगती.

१६ जुलै, शनिवार
सासूबाई नाशिकहून आल्यात. त्यांना घरी एकटं कसं ठेवणार? छाया म्हणाली, आईनेच सांगितलंय तुम्ही दोघं जा. मी ऐकलं नाही. सासऱ्यांच्या माघारी जावयाचं काही कर्तव्य असतं.
कॅनियनचा झुलता पूल भलताच हलतो. खाली नदी हिरवीगार. मी पुढे राहून व्हिडिओ घेतला. घरी बघितला तर मागे सासूबाई छायाचा हात धरून उभ्या, दोघी डोळे पुसताहेत. दरीत वारा फार.
रात्री सासूबाईंनी माझ्या वरणावर जास्तीचं तूप सोडलं. म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही मनाने वाईट नाही हो. एकोणीस वर्षांत पहिलं कौतुक!

२२ ऑक्टोबर, शनिवार
आज खरोखर दोघंच. कुणालाही फोन नाही. मेपल लालबुंद. बागेतल्या लाकडी पुलावर छाया थांबली. म्हणाली, विश्वनाथ, आता तरी ऐक.
तेवढ्यात मागून मराठी ऐकू आलं! परदेशात मराठी कानावर पडल्यावर पुढे निघून जाणं माझ्या रक्तात नाही. चिपळूणचं कुटुंब, बापू आणि नीलिमा, दोन मुली, व्हँकुव्हरला नवीनच. त्यांना कॅनियन दाखवलं. घरी जेवायला आणलं. छायाने मुकाट्याने पिठलं टाकलं. जेवताना नीलिमाशी बोलताना चक्क हसली. किती महिन्यांनी! म्हणजे माणसं लागतातच. बाईंना कळवायला हवं.

११ डिसेंबर, रविवार
बर्फ. रवींद्रला विचारलं, येतोस का? म्हणाला, आधी छायाशी बोल. बापूही नाही म्हणाला. लोकांना थंडी सोसत नाही.
शेवटी दोघंच. बागेतल्या दगडी दिव्यांवर बर्फाच्या टोप्या. मी गप्प बसलो नाही. तळ्यातले मासे हिवाळ्यात काय करतात, विंटर टायर्स कुठले घ्यावेत, सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाली, नॉर्थ यॉर्कला, देशाच्या दुसऱ्या टोकाला, नोकरी मिळाली आहे, जानेवारीत जाणार. एकटी. राहायला वनिताच्या बहिणीचं बेसमेंट ठरलंय. परत यायचं ठरवलेलं नाही.
विचारलं, वनिताला कधीपासून ठाऊक? एप्रिलपासून. तुझ्या आईंना? जुलै. नीलिमाला? पिठल्याच्या दिवशी, किचनमध्ये. रवींद्र तर खोके बांधायला येणार आहे.
म्हटलं, अगं, मग मला का नाही सांगितलंस?
तिने टोपी कानांवर ओढली. मग म्हणाली, चल, गार होतंय.
कॅनियनला गेलो नाही. फार वाईट वाटतंय. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

६ जानेवारी २०१७, शुक्रवार
बॅगा दारात. संकल्प: उद्या एअरपोर्टवर तिला बाजूला घेऊन एकच सांगायचं. जाऊ नकोस, मी ऐकेन. बाथरूममध्ये म्हणून पाहिलं. जमतंय.

७ जानेवारी, शनिवार
सवयीने सगळ्यांना वेळ कळवून बसलो होतो. रवींद्र, वनिता, बापू, नीलिमा, मुली, सगळे हजर. वाटेसाठी चिवडा. परत नाशिकला गेलेल्या सासूबाई व्हिडिओवर. आमची गाडी भरली. छायाला शेवटच्या सीटवर, बॅगांच्या शेजारी बसावं लागलं.
सिक्युरिटीपाशी तिने सगळ्यांना मिठ्या मारल्या. मग माझ्यासमोर येऊन थांबली. सगळे एकदम आमच्याकडे बघू लागले. सासूबाईसुद्धा, फोनमधून.
वाक्य ओठांवर होतं. पण असं चारचौघांत कसं बोलणार?
म्हटलं, पोचलीस की फोन कर.
म्हणाली, वनिताला करते.