एकवीस इंच, नऊ फूट

३ मार्च

नवी वही. आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. उजवा पाय मधूनमधून ऐकत नाही एवढीच तक्रार, आणि तीही माझी नाही, बायकोची. डॉक्टर वयाने लहान, त्यामुळे बोलतात फार. म्हणाले, नसांचा आजार आहे, हळूहळू वाढत जाणार, घरात आतापासून तयारी केलेली बरी. बायको टेबलाच्या कडेकडे बघत बसली होती. मी मात्र त्या सगळ्यातला कामाचा शब्द बरोबर पकडला. हळूहळू. म्हणजे घाई नाही.

चाळीस वर्षं व्यासपीठावर उभा राहून बोललो. दीड-दीड तास, पाण्याच्या पेल्याला हात न लावता. असे पाय एका सकाळी राजीनामा देत नसतात.

संकल्प: रोज पहाटे चालणे. नव्या चपला घेणे, कारण खरा दोष चपलांचा आहे.

१० मार्च

नव्या चपलांतली उजवी सारखी निसटते. दुकानदाराला झापलं. त्याने मुकाट्याने जोड बदलून दिला. त्या जोडातलीही उजवीच निसटते. हल्ली कोणी मन लावून काम करत नाही.

चालणे उद्यापासून.

२ एप्रिल

बायको म्हणते, पुढच्या दाराशी रॅम्प करून घेऊ. कोणासाठी, असं विचारलं. ती आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी.

मला काय कळत नाही? सासूबाईंना इथे आणण्याचा घाट आहे. वय वर्षं सत्त्याऐंशी. सरळ सांगितलं असतं तर मी काय नाही म्हणणार होतो? पायऱ्या हा तर माझा विषय. पंधरा वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या दारात याच मागणीसाठी बोललो होतो. पायरी दगडाची नसते, ती मनात असते, या वाक्याला टाळ्या थांबेनात. आणि शेवट तर लोक अजून म्हणून दाखवतात: माणसाला सामानासारखं उचलून आत नेणं ही मदत नव्हे, अपमान आहे, आम्हाला खांदे नकोत, रस्ता हवा. त्यानंतर महिन्याभरात तिथे रॅम्प झाला. तेव्हा सासूबाईंसाठी माझ्या दारात होणार नाही असं कसं होईल?

बायकोला हे सगळं उभं राहून म्हणून दाखवलं. ती म्हणाली, पायरी दगडाचीही असते. बसा आता, पाय थरथरतोय.

थरथरत नव्हता. आवेशात होता.

१४ एप्रिल

कॉन्ट्रॅक्टर आला. हातात दोन फोन, तोंडात एकच वाक्य: होऊन जाईल. मी मनातल्या मनात त्याचं नावच होऊनजाईल ठेवलं. टेपने पायऱ्या मोजल्या. तीन पायऱ्या, प्रत्येकी सात इंच. एकूण चढ एकवीस इंच. म्हणून म्हणे रॅम्प एकवीस फूट लांब हवा. दर इंचाला एक फूट, असा नियम आहे. दारापासून फाटकापर्यंत सरळ एवढी जागा नाही, तेव्हा गुलाबांच्या बाजूने वळवून न्यायचा. दोन्ही अंगांना कठडा. फुटाला पाच हजार. एक लाख पाच हजार.

एकवीस इंच चढायला एकवीस फूट चालायचं. मी मान्यच केलं नाही. म्हटलं, नियम ज्यांनी केले त्यांची सिमेंटची दुकानं असणार. तो हसला. म्हणाला, साहेब, तुमच्याशी बोलून कोण जिंकणार. नऊ फुटांत करू. होऊन जाईल. फक्त ढकलणारा दणकट लागेल.

मी म्हटलं, सासूबाईंना ढकलायला मी जावई आहे ना.

त्याने माझ्या उजव्या पायाकडे बघितलं. चप्पल मागे दारातच राहिली होती.

१५ एप्रिल

बायकोने त्याला परस्पर फोन केला. एकवीसच कर म्हणाली. तो तिलाही म्हणाला, होऊन जाईल. असल्या माणसावर लक्ष ठेवलं पाहिजे.

मी कागदावर हिशेब मांडून तिच्यापुढे ठेवला. नऊ फूट, पंचेचाळीस हजार. साठ हजार वाचले. ती म्हणाली, अहो, एकदा नीट विचार करा. रोज वापरायचं आहे.

रोज. म्हणजे सासूबाई कायमच्या येणार. आता आलं बाहेर.

मी म्हटलं, मग तर नऊच. आणि कठडा नको. कठडा लावला की घराचा दवाखाना होतो. ती उठली. न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. पाणी असं वाया घालवू नये, हे तिला सांगायचं राहून गेलं.

९ मे

काम सुरू. होऊनजाईल दिवसाआड येतो. मी खुर्ची टाकून देखरेख करतो. उभ्याने देखरेख केली की कामगार दबून जातात.

सिमेंट नुसतं खरखरीत ठेवायचं म्हणत होता. विद्रूप दिसलं असतं. त्याच्याकडे एका बंगल्याच्या उरलेल्या काळ्या गुळगुळीत फरश्या होत्या, अर्ध्या किमतीत. त्याच बसवायला लावल्या. तोंड दिसतं त्यात. तो म्हणाला, साहेब, ओलं झालं की सांभाळा. मी म्हटलं, सासूबाई पावसात कुठे जाणार आहेत?

सही करताना पेन निसटलं. पेनंही हल्ली हलकी निघतात.

२८ मे

रॅम्प तयार. देखणा. समोरच्या दातांच्या डॉक्टरांचं मांजर आलं, खाली उभं राहिलं, वर बघितलं, जरा विचार केला आणि पायऱ्यांनी वर आलं. मुक्या प्राण्याला नवं रुचत नाही.

वाचनालयाचं पत्र आलं. वीस नोव्हेंबरचं वर्धापनदिनाचं भाषण यंदाही मीच करायचं. सलग सव्विसावं. विषय कळवला: ताठ मान. हॉल चार घरं सोडून आहे. मी चालतच जाईन असं लिहून टाकलं. गाडीबिडी नको.

११ जून

चाकांची खुर्ची आली. सासूबाई अजून आल्या नाहीत, पण त्यांची खुर्ची आधी आली. चांगली आहे का बघायला बसलो. पाठीला आधार उत्तम. खिडकीपाशी ठेवली की उजेडही नेमका वहीवर येतो. सासूबाई येईपर्यंत लिहायला हीच वापरीन. वस्तू पडून राहिली की बिघडते.

१९ जून

आज चाचणी. खुर्चीत माणसाच्या वजनाइतकं काहीतरी हवं होतं. माझ्या भाषणांचं पुस्तक, त्याचे न विकलेले सहा गठ्ठे पलंगाखाली होते. बायको आणि कामवाली बाई दोघींनी मिळून ते खुर्चीत रचले. वरून दोरी बांधली. रॅम्पच्या तोंडाशी आणली. बायको म्हणाली, मी धरते. मी म्हटलं, धरलं तर चाचणी कसली? सोड.

सोडली.

खुर्ची फाटकातून गेली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या डॉक्टरांच्या लोखंडी दारावर आदळली. रस्त्यावरून कोणी जात नव्हतं. सगळी गल्ली पुस्तकांची झाली. आवाज ऐकून लोक गॅलऱ्यांत आले. माझ्या पुस्तकांभोवती एवढी गर्दी प्रकाशनालाही नव्हती. डॉक्टरांनी सगळ्या प्रती गोळा करून आणून दिल्या. एक ठेवून घेतली. पैसे दिले नाहीत.

बायको रॅम्पच्या तोंडाशीच बसली होती. हात अजून खुर्ची धरल्यासारखे पुढे. म्हणाली, आपण हा तोडू या. मी समजावलं. पुस्तकाला ब्रेक दाबता येत नाही. माणसाला येतो. चाचणी यशस्वी.

रात्री मूठ आवळता येते का, ते बघितलं. डाव्या हाताची येते.

३ ऑगस्ट

सासूबाई आल्या. रिक्षातून उतरल्या, पिशवी काखेत मारली आणि पायऱ्या चढून दारात. मी तोपर्यंत खुर्चीतून उठतच होतो. मागे वळून म्हणाल्या, ही घसरगुंडी कोणासाठी केलीत, जावईबापू?

त्यांनी बायकोकडे बघितलं. मग खुर्चीकडे. मग आवाज उतरवून म्हणाल्या, बरं केलंत हो. म्हातारपणी सोय लागतेच. आणि पदर डोळ्याला लावला. धूळ फार आहे या गल्लीत.

अभिमानी बाई. स्वतःला गरज आहे हे कबूल करत नाहीत. असल्या माणसांचं अवघड असतं.

२१ ऑगस्ट

सासूबाईंना घरात फिरताना आधार लागतो. त्या तसं म्हणत नाहीत, पण खुर्चीला मागून धरून चालतात. रिकामी खुर्ची उलटते, म्हणून मी बसतो. स्वयंपाकघर, न्हाणीघर, खिडकी, परत. त्यांना तेवढाच व्यायाम. आज दमून थांबल्या आणि म्हणाल्या, जावईबापू, जेवण जरा कमी करा. मग एकट्याच हसल्या. बायकोही हसली. पुष्कळ दिवसांनी.

१२ सप्टेंबर

पायऱ्या उतरलो. बायको एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या. दोघींना धीर हवा होता. फाटकापर्यंत गेलो. परत चढताना तिसऱ्या पायरीवर पाय होता, पण असल्याची खबर वर पोचली नाही. कपाळाला तीन टाके.

पायरी झिजलीय. दुरुस्त करायला हवी.

९ ऑक्टोबर

बरेच दिवस बाहेर गेलो नाही. बाहेर विशेष काही नसतं.

बायकोने परत विषय काढला. होऊनजाईलला बोलावू, लांब करून घेऊ. मी म्हटलं, साठ हजार वाचवल्याचं मी चारचौघांत सांगितलंय. ती म्हणाली, कोणाला? विचार केला. होऊनजाईललाच.

तरी नको म्हटलं. वीस नोव्हेंबरला मी पायऱ्यांनी उतरणार. सराव सुरू करतो. सोमवारपासून.

३० ऑक्टोबर

भाषण तयार. शेवटची पानं बायकोने लिहून घेतली. माझ्या अक्षराला हल्ली घाई असते.

सराव सोमवारपासून.

१८ नोव्हेंबर

पावसाळा नसताना पाऊस. फरश्यांत आभाळ दिसतं. दारातून बघत बसलो. वरून बघितलं तर नऊ फूट फार कमी दिसतात. खाली फाटक, पलीकडे डॉक्टरांचं दार. त्यावर पोचा अजून आहे.

२० नोव्हेंबर, दुपारी

वाचनालयाचे कार्यवाह गाडी घेऊन आले. चार घरांसाठी गाडी. मी कोट घालून खुर्चीत, दाराशी. उठलो. बसलो. परत उठलो नाही.

ते रॅम्पवरून वर यायला निघाले आणि निम्म्यावरून बूट घसरत खाली गेले. मग पायऱ्यांनी आले. घाम पुसत म्हणाले, काही काळजी नाही सर, चार मुलं बोलावतो, खुर्चीसकट अलगद उचलतील. आणि लगेच जीभ चावली. म्हणाले, नाही, तुमचंच वाक्य आहे. आम्हाला खांदे नकोत, रस्ता हवा. कॉलेजात असताना ऐकलं होतं मी ते. पाठ आहे.

मी म्हटलं, छान पाठ आहे.

बायको म्हणाली, रॅम्पवरून मी सोडणार नाही. एकदा सोडून बघितलंय.

खाली गाडीचं इंजिन चालू होतं. मग बायकोने माझ्या मांडीवरचे कागद उचलले आणि विचारलं, मी वाचू?

साडीही बदलली नाही तिने. ती आणि सासूबाई, दोघी पायऱ्या उतरून गेल्या. एक, दोन, तीन. गाडीत बसल्याच नाहीत. चालत गेल्या.

२० नोव्हेंबर, संध्याकाळी

हॉलचा कर्णा आमच्या गल्लीकडेच तोंड करून असतो. सगळं ऐकू आलं. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता. मग लागला. जिथे मी टाळ्या धरल्या होत्या तिथे टाळ्या आल्या नाहीत. जिथे धरल्या नव्हत्या तिथे आल्या. ती ताठ मान हे दोन शब्द म्हणायची तेव्हा जरा थांबायची. मी असा कधी थांबलो नव्हतो.

शेवटचं पान तिने वाचलं नाही. त्या पानावर पायरी दगडाची नसते हे होतं.

दारात बसून ऐकलं. अंधार झाला तरी दिवा लावायला जमलं नाही. बटण उंच आहे. उंचच होतं. नेहमी.

२१ नोव्हेंबर

होऊनजाईलला फोन लावला. स्वतः. डाव्या हाताने.

म्हणाला, साहेब, तोडून परत करायचं म्हणजे तोडण्याचे वेगळे. मलबा उचलण्याचे वेगळे. सिमेंट वाढलंय. दीड लाखाच्या पुढे जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. त्याने आकडा परत सांगितला. बहुतेक घासाघीस करायची तयारी करून बसला असावा.

मग म्हणाला, फरश्या त्याच ठेवू? मी म्हटलं, खरखरीत कर. कठडा? दोन्ही बाजूंना.

शेवटी त्याने विचारलं, सासूबाई कशा आहेत? त्रास होतो का चालायला?

सासूबाई अंगणात गुलाबांपाशी उभ्या होत्या. रॅम्प तिकडून वळणार, म्हणून झाडं कुठे हलवायची ते पावलांनी मोजत होत्या. वाकून एक रोप हलवून बघत होत्या, सुटतं का.

मी म्हटलं, त्या उत्तम चालतात.

मग त्याने हळू आवाजात विचारलं, किती फूट धरू?

मी म्हटलं, एकवीस.