ते पिठलं नव्हतं

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग मी नीट जपून ठेवला आहे. आज इथे कुवेतमध्ये, फरवानियाच्या आमच्या क्लिनिकमध्ये एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. मुलगी आठवी-नववीतली, गुबगुबीत, मान खाली. "मॅडम, हिचं तोंड बंद करा, काय वाट्टेल ते करा," असं ते तिच्यादेखत म्हणाले. मी त्यांना बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, "तुला खायला काय आवडतं गं?" ती रडायला लागली. मग ठरवलं, आज घरी गेल्यावर तुम्हाला लिहायचं.

महबूल्यातला आपला फ्लॅट आठवतो? दर शुक्रवारी तुम्ही न्हाणीघरातला वजनकाटा हॉलमध्ये आणायचात आणि मला त्यावर उभं करायचात. पाहुणे असले तरी. भाऊ सोफ्यावर बसून चिप्स खात असायचा आणि आई स्वयंपाकघरात भांडी उगाच पुन्हा घासत राहायची. माझ्या ताटात उकडलेला कोबी आणि अर्धी पोळी. तुमच्या बँकेतले लोक कुटुंबासकट जेवायला आले होते तेव्हा एका काकूंनी मला श्रीखंड वाढलं, तर तुम्ही हसत हसत म्हणालात, "तिला नको वहिनी. लग्नात बोहल्यावर चढवायला क्रेन मागवावी लागेल." सगळे हसले. मी वाटी बाजूला सारली, आणि त्या दिवसापासून तुमच्यासमोर पोटभर जेवले नाही.

पोटभर जेवले ते वरच्या मजल्यावर. तिथे तेलकंपनीतल्या एका इंजिनियरची बायको राहायची, दक्षिण इटलीतली, साठीची. सगळी बिल्डिंग तिला सिन्योरा म्हणायची. आई तिच्याकडे शिवणकामाची कात्री मागायला मला पाठवायची आणि मी तासभर परत यायची नाही. सिन्योरा रव्यात पाणी घालून कणीक मळायची, अंडं नाही, मैदा नाही. आपल्याकडचा बन्सी रवा असतो ना, त्याच गव्हाचा. अंगठ्यानं दाबून छोटे छोटे कान करायची, तो त्यांच्या गावचा पास्ता. मूठभर कान आणि टोपलीभर पाला, वर लसूण आणि ऑलिव्हचं तेल. आधी भाजी, मग हे, शेवटी एखादं संत्रं. मग माझा हात धरून समुद्रापर्यंत चालायला न्यायची. "आमच्या गावात पिझ्झा सणाला," ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायची. "रोज डाळी, पाला, थोडं मासळीचं. आणि बसून जेवायचं. भांडत जेवलेलं अंगी लागत नाही." माझं वजन तिनं कधी विचारलं नाही.

एकदा मी स्वतः केलेले कान वाटीत घालून घरी आणले. तुम्हाला दाखवायचे होते. इतकी मूर्ख होते मी तेव्हा. तुम्ही वाटीत डोकावलात आणि ती तशीच कचऱ्याच्या डब्यात उपडी केलीत. "मैदा खा आणि मैद्याचं पोतं हो." मग मला दंडाला धरून वर नेलंत, सिन्योराच्या दारात उभं केलंत आणि तिच्यावर ओरडलात, की माझ्या मुलीला तुझा कचरा चारू नकोस. सगळे शेजारी दारं उघडून बघत होते. सिन्योरा एवढंच म्हणाली, "सर, तिला तुमच्या घरात जेवायची भीती वाटते." तुम्ही तिला वेडी म्हणालात. पुढे जिन्यात भेटली की ती माझ्या गालावर हात ठेवायची, पण आत ये म्हणायची नाही. दोनेक वर्षांनी तिच्या नवऱ्याची नोकरी संपली आणि ते दोघं गेले. मी आहारशास्त्र शिकले ते तुमच्या नाकावर टिच्चून. लोकांना मी वेगळं कारण सांगते.

मग आई गेली, तुम्ही निवृत्त झालात, आणि माझ्याकडे आलात. लहानपणी माझा इकामा, इथे राहायचा परवाना, तुमच्या नावावर होता, आता तुमचा आमच्या. साखर भयंकर वाढलेली, पाय सुजलेले, आणि कपाटात बिस्किटांचे पुडे, चकल्या, खजूर, जमियातून, कोपऱ्यावरच्या सहकारी दुकानातून, आणलेली कुनाफा मिठाई! मला श्रीखंड नाकारणारे तुम्ही! पहिल्याच शुक्रवारी मी वजनकाटा हॉलमध्ये आणला. माझ्या नवऱ्याची भावंडं आली होती. नवरा पुटपुटला, "हे कशाला आता?" मी म्हटलं, "बाबांना सवय आहे." तुम्ही काट्यावर उभे राहिलात, आकडा मी मोठ्यानं वाचला. बाबा, मला फार बरं वाटलं. ते मी लपवणार नाही.

पण उकडलेला कोबी मी तुम्हाला दिला नाही. माझ्या डोक्यात त्याहून मोठं काहीतरी होतं. जमियात सोललेले फूल मिळतात, म्हणजे मोठ्या वालांसारख्या वाळक्या बिया, अरबीत त्यांना फूलच म्हणतात. त्या शिजवून घोटायच्या, वर ऑलिव्हचं तेल, शेजारी वाफवलेला कडसर पाला. सिन्योराचं हे रोजचं जेवण. तुम्हाला ते पिठलं आणि मेथी वाटलं, आणि मी वाटू दिलं. काही महिन्यांत साखर उतरली. तुम्ही रोज समुद्रावर फिरायला लागलात आणि फोनवर सगळ्यांना सांगायला लागलात, "मुळात माझी शिस्तच तशी."

मी थांबले. तुमचे बँकेतले जुने मित्र जेवायला येईपर्यंत थांबले. तेच, श्रीखंडाच्या दिवशीचे. तुम्ही त्यांना आग्रह करत होता, "घ्या हो, लेकीसारखं पिठलं कुवेतमध्ये कुणी करत नाही." मग मी बोलले. "बाबा, ते पिठलं नाही. वरच्या सिन्योराचं जेवण आहे. तुम्ही तिच्या दारात जाऊन ज्याला कचरा म्हणालात ना, ते. गेले सहा महिने तुम्ही तेच खाताय, म्हणून पायात बूट जातात." काकूंनी पदर सावरला. कुणी हसलं नाही. तुम्ही रागावून उठाल असं मला वाटत होतं, त्याची मी तयारी केली होती, काय काय बोलायचं ते पाठ होतं. तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, "थोडं वाढ." मी अर्धा डाव वाढला आणि म्हटलं, "पुरे एवढं."

त्या रात्रीनंतर तुम्ही काट्यावर स्वतःहून उभे राहायला लागलात. मला ते आवडेनासं झालं. मी सिन्योराच्या मुलाचा नंबर शोधून काढला. ती जिवंत होती, गावातच. तुम्हाला तिची माफी मागायला लावायची, माझ्यासमोर, स्पीकरवर, हे मी पक्कं केलं. तुम्ही म्हणालात, "थंडी जरा कमी होऊ दे. इंग्रजीत नीट सांगता आलं पाहिजे." मग छातीत कफ झाला, हॉस्पिटल झालं, आणि तुम्ही निसटलात. तिला फोन मीच केला. तिनं माफीचं विचारलंच नाही. विचारलं, "शेवटी शेवटी नीट जेवत होते का?"

हे पत्र कुठे पाठवणार, आणि पाठवलं असतं तरी तुम्ही त्यातलं शुद्धलेखन तपासलं असतं. एक सांगते. लोक म्हणतात, लेकीनं बापाची किती सेवा केली, आयुष्य वाढवलं. मी तुम्हाला जगवलं ते मला तुम्ही अजून हवे होतात म्हणून. सूड पुरा व्हायचा होता. दुसरं काही कारण असेल, तर ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.