अर्विल कॉडिलच्या रविवारांची व्यवस्था

मी, ऑर्फा जेन स्टिडम, अविवाहित, वय सदुसष्ट, राहणार लॉरेल फोर्क, पूर्व केंटकी, धंद्याने वर्तमानपत्राची व्यंगचित्रकार, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. आजार पोटातून यकृतापर्यंत गेला आहे, त्याच्या वर अजून चढलेला नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात आता मांजरही उरलेले नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. थोडक्यात लिहा, असे वकिलांनी बजावले आहे. त्यांना स्वतःला थोडक्यात बोलताना आजवर कुणी ऐकलेले नाही, तेव्हा मी माझ्या चालीने लिहिते.

कलम पहिले, घर. माझे राहते घर आणि मागचा उतार माझा भाचा डेल्मर स्टिडम, कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर, याला मिळावा. पण फुकट नाही. अट कलम चौथ्यात आहे आणि ती वाचल्याशिवाय त्याने किल्लीला हात लावू नये.

कलम दुसरे. बँकेत जे असेल त्यातून माझे दफन उरकावे आणि उरलेले डेल्मरच्या बायकोला द्यावे. डेल्मरला का नाही, हे डेल्मरला ठाऊक आहे आणि त्याच्या बायकोला तर पक्के ठाऊक आहे.

कलम तिसरे, वर्तमानपत्र. माझी छापून आलेली सगळी चित्रे गावच्या वाचनालयाला द्यावीत. संपादक प्रिचर्ड यांना काही देऊ नये. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्याकडे अर्विल कॉडिलच्या मृत्यूचे चित्र आगाऊ मागितले. स्वर्गाचे दार, दारात देवदूत, आणि ढगावरून बॅन्जो घेऊन येणारा अर्विल.

"काढून ठेव गं," म्हणाले, "म्हणजे ऐन वेळी धावपळ नको."

"माणूस जिवंत आहे अजून," मी म्हटले.

"जिवंत कसला? नुसता बसून असतो की!"

तर असे कुठलेही चित्र माझ्या नावाने छापले जाऊ नये. दुसऱ्या कुणाकडून काढून घेतले तर निदान कान नीट काढावेत.

अर्विल कॉडिल कोण, हे या दरीत कुणाला सांगावे लागत नाही; पण वकील दूर लेक्सिंग्टन शहरातले आहेत म्हणून लिहिते. तो बॅन्जो वाजवायचा, गायचा आणि हसवायचा. शनिवारी रेडिओवर आणि एरवी शाळांच्या हॉलमधून. ठिगळाची विजार, फाटकी टोपी, अनवाणी पाय. कडव्याच्या शेवटी हात न लावता दोन्ही कान हलवायचा आणि लोक खुर्च्यांवरून घसरायचे. मला त्याच्याइतका आवडलेला कलावंत दुसरा झाला नाही. बावीस वर्षांची असताना मी त्याचे पहिले चित्र काढले. शहरातली वर्तमानपत्रे आम्हा डोंगरातल्या लोकांना काढत तसे, अनवाणी आणि दारूचा बुधला घेतलेला, असे काढ म्हणून तेव्हाच्या संपादकांनी सांगितले होते. मी त्याच्या पायांत बूट रेखाटले. तो दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्र हातात घेऊन कचेरीत आला.

"हे बूट कुणी घातले मला?"

"मी. काल तुम्ही आलात तेव्हा पायात होते."

"अगं पोरी, अनवाणी पायांवर माझं पोट चालतं! लोक तिकिटाचे पैसे परत मागतील ना!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आईनं कापून चुलीवरच्या भिंतीला लावलंय. तिला सांगू नकोस मी तक्रार केली म्हणून."

तेव्हापासून मी त्याला शेकडो वेळा काढले. लोक आमच्याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे. त्यातले काहीही झाले नाही. झाले असते तर बरे झाले असते, असे आता लिहायला हरकत नाही. त्याची बायको जाऊन बरीच वर्षे झाली आणि मीही निघालेच आहे.

कलम चौथे, म्हणजे अट.

अर्विलची आठवण गेली आहे. त्याचा मुलगा रँडल याने त्याला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवले आणि बॅन्जो व टोपी लिलावात काढली. रँडलला मी या कागदात एवढीच जागा देते. अर्विलला आरशातला म्हातारा परका वाटतो आणि त्याची भीती वाटते, म्हणून आरशावर टॉवेल टाकलेला असतो. जेवायलाही तो तोंड उघडत नाही. पण मी त्याच्यासमोर कागद धरून आधी एक कान काढला, मग दुसरा, की तो पुढे वाकतो आणि म्हणतो, "आला बघ लबाड!" तेवढ्यात तोंड उघडते आणि तिथली सेविका वॉनेटा चमचा आत सारते. दर रविवारी हे असेच चालते. त्याच्यासमोर काढलेले ते चित्र भिंतीवर लावले की गुरुवारपर्यंत पुरते, पुढचे दोन दिवस वॉनेटा सफरचंदाच्या गरावर कसेबसे निभावते. तयार चित्र नेऊन चालत नाही. डोळ्यांदेखत उमटावे लागते.

आमच्या धंद्यात सुट्टीवर जाताना पुढची चित्रे काढून ठेवतात. मीही ठेवली आहेत, पण अर्धी. कच्ची रेघ आम्ही फिकट निळ्या पेन्सिलने मारतो, कारण तो निळा छपाईच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. मोतीबिंदूमुळे अर्विललाही दिसत नाही. टेबलाच्या खालच्या खणात निळे कागद आहेत. हात चालला तोवर काढले. डेल्मरने दर रविवारी एक न्यावा, अर्विलसमोर बसावे आणि निळ्यावरून काळी शाई फिरवावी. हीच अट.

गेल्या रविवारी मी डेल्मरला सोबत नेले.

"आत्या, मला ट्रकची चाकं काढता येतात. चित्र नाही."

"रेघ आहेच रे. घाटातून गाडी नेतोस तशी तिच्यावरून ने."

त्याने नेली. कान जरा कोबीसारखा झाला, पण झाला. अर्विल कागदाकडे बघतच नव्हता, डेल्मरच्या हाताकडे बघत होता.

"हा कोण?"

"मी डेल्मर. कार्लचा मुलगा."

"कार्ल गेला," अर्विल म्हणाला. "मी खणला त्याचा खड्डा."

आणि त्याने तोंड मिटले. वॉनेटाने चमचा लावला, ओठ पुसले, पुन्हा लावला. काही उपयोग झाला नाही. डेल्मर उठून ट्रकपाशी जाऊन उभा राहिला.

हे त्याला कुणी कधी सांगितले नव्हते, म्हणून इथे लिहिते. खाणीत स्फोट झाला तेव्हा डेल्मर पाळण्यात होता. माझा भाऊ कार्ल, म्हणजे त्याचा बाप, त्यात गेला. घरच्यांनी आपल्या माणसाचा खड्डा खणायचा नाही, शेजाऱ्यांनी खणायचा, ही आमच्याकडची रीत. आणि त्या आठवड्यात दरीत ज्याच्या घरी प्रेत नाही असा शेजारी उरला नव्हता. अर्विलचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. लोकांना जरा हसवा, असे खाणीच्या मॅनेजरने त्याला सांगितले. तो आला, बॅन्जो गाडीतच ठेवला आणि फावडे मागितले. तो पलीकडच्या दरीतला, आमच्या कुणाचाच नातलग नव्हता. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी टेकडीवरचे सगळे खड्डे खणले. तो दिवस मला कधीच काढता आला नाही. बसले की हात थांबायचा.

त्या रविवारी शेवटी अर्विलने डेल्मर ठेवून गेलेल्या टाकाकडे बघितले, तो उचलला आणि माझ्या हातात दिला. मी कान काढले आणि तो जेवला. माझ्यानंतर तो डेल्मरच्या हातचे खाईल का, हे मला माहीत नाही. या विचाराने मला झोप लागत नाही, आणि मरणाच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी आहे.

डेल्मर, तरी जा. निळे कागद संपले तर कोऱ्यावर काढ. मी कुठे आहे असे त्याने विचारले तर खोटे बोलू नकोस. एकदा सांग, पुन्हा विचारले तर पुन्हा सांगत बसू नकोस. आणि काहीही करून त्याने तोंड उघडलेच नाही, तर चमचा खाली ठेव. नाकातून नळी घालू देऊ नये, अशी माझी विनंती आहे. तो हक्क रँडलचा आहे, माझा नाही, त्यामुळे ही नुसती विनंतीच. मग तो जाईल. तेव्हा यंत्राने उकरणारी माणसे बोलावतील, त्यांना परत पाठव आणि तू खण. तू त्याच्या घरचा नाहीस. रीतीत बसते.

हे वाचून, समजून मी सही केली आहे.

ऑर्फा जेन स्टिडम

साक्षीदार:
हर्शल कूम्ब्स, औषधविक्रेता
आयव्ही नेल रॅटलिफ, पोस्टमास्तर
(आमच्यासमोर सही झाली. हात थरथरतो आहे तो दुखण्याने, शंकेने नव्हे, असे लिहायला ऑर्फाबाईंनी सांगितले.)

लॉरेल फोर्क, ११ ऑक्टोबर १९९६

अट वाचली. मान्य आहे. कान जमतील का, सांगता येत नाही. खड्डा जमेल.
डेल्मर कार्ल स्टिडम