ठासणीची बंदूक आणि माझा अबोला

बाबा,

बंदूक तुम्ही बरोबर निवडली होती. एवढं एकच वाक्य तुम्हाला सांगायचं होतं, आणि ते सांगायला मला इतकी वर्षं लागली की आता मी वयाने तुमच्याहून थोरली झाले आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमची साठीही झाली नव्हती. मी सत्तरी ओलांडली, गुडघे धरून उठते, आणि उभा जन्म शाळेत पोरींना एकच गोष्ट शिकवत आले, की चूक झाली तर हात वर करून सांगावी, बाई मारत नाहीत. माझा हात काही वर गेला नाही. तुम्ही नऊ वर्षं एका डोळ्याने माझ्याकडे बघत जगलात, तेव्हाही गेला नाही.

त्या वर्षी रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. धाम नदीच्या काठचं, घराला लागून असलेलं आपलं भाजीचं वावर, वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि नदीकडच्या अंगाला रताळी. रताळ्याच्या वाफ्यात डुकरांचा कळप एकदा शिरला की नांगर फिरवल्यासारखी जमीन उलटीपालटी करून जायचा. बुजगावणं झालं, गोफण झाली, पत्र्याचे डबे बडवून झाले. शेवटी तुम्ही पीक राखायला बंदुकीचा परवाना मागायचं ठरवलंत. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी होतं आणि वर्ध्याच्या कचेरीतून आलेला अर्ज निम्मा इंग्रजीत होता. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. मॅट्रिक होऊन आंजीच्या शाळेत नुकतीच लागलेली, पायात चपला घालून गावातून चालणारी, चार बुकं शिकल्याचा ताठा मानेत असलेली. अर्जात एक रकाना होता, बंदूक कोणत्या प्रकारची. तुम्ही म्हणालात, नीट चौकशी करून ये, मग लिहू. मला कोण आनंद झाला होता. घरातला एवढा मोठा निर्णय, आणि तो माझ्यावर सोपवलेला, असं मी धरून चालले.

काकांना बरोबर घेऊन मी वर्ध्याच्या दुकानात गेले. बंदुका बघायला आलेली पोरगी त्या दुकानदाराने जन्मात पाहिली नसावी. त्याने सगळं काकांना सांगितलं आणि प्रश्न सगळे मी विचारले. परवडण्यासारख्या आणि परवान्यात बसणाऱ्या बंदुका दोनच तऱ्हेच्या होत्या, गावोगाव त्याच दिसायच्या. एक ठासणीची: नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, तेव्हा कुठे एक बार. दुसरी काडतुसाची दुनळी: मधे मोडायची, दोन काडतुसं सारायची, मिटायची, आणि एकामागून एक दोन बार तयार. मी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. मनाशी म्हटलं, यात विचार करण्यासारखं आहे काय? हातच्या काकणाला आरसा कशाला? एका बाजूला आजोबांच्या काळातली लोखंडाची नळी, दुसऱ्या बाजूला नवं यंत्र. परतताना बैलगाडीत काका आणि मी दुनळीच्याच गोष्टी करत आलो. काकांना तर ती खांद्यावर टाकून बाजारातून चालताना स्वतःची छबी दिसायला लागली होती.

संध्याकाळी चुलीपुढे तुम्ही, माय, काका आणि मी. माय भाकरी थापत होती. मी वर्गात धडा शिकवावा तशी दोन्ही बंदुकांची तुलना केली, दुनळी का घ्यावी याची कारणं सांगितली. तुम्ही ऐकून घेतलंत, भाकरीचा तुकडा मोडलात आणि म्हणालात, "ठासणीची लिव्ह." मी विचारलं, काऊन? तुम्ही म्हणालात की काडतुसं वर्ध्याहून आणावी लागतात, दारू चिमूटभर घातली तर नुसता आवाज काढता येतो, आणि आपल्याला डुकरं हाकलायची आहेत, मारायची नाहीत. मी हटले नाही. म्हटलं, पहिला बार चुकला तर? ठासत बसेपर्यंत कळप पसार होईल. तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता काकांकडे बघत म्हणालात, "पयला बार डुकरासाठी. दुसरी नळी कोणासाठी पाह्यजे?" काका ताटात बघू लागले. मला त्यातलं काही कळलं नाही, मी आणखी बोलत राहिले. मग तुम्ही ते बोललात. "पोरी, तुले कागद वाचता येते, वावर वाचता येत नाई." काका खो खो हसले, मायसुद्धा पदराआड हसली. मी अर्ज घेतला, रकान्यात तुम्ही सांगितलं ते इंग्रजीत लिहिलं, तुमचा अंगठा घेतला, आणि त्या दिवसापासून तुमच्याशी बोलणं टाकलं.

अबोला धरावा तर मी. तुम्ही विचारायचात, शाळेत किती पोरी येतात? मी मायला सांगायचे, बाबांना सांग अकरा येतात. तुम्ही तीन हातांवर बसलेले असायचात. सुरुवातीला माय निरोप्यासारखी सगळं खरंच पोचवायची, पुढे पुढे तीही वैतागली. तुम्हाला त्याची गंमत वाटायची बहुतेक. म्हणायचात, बाईंचा राग नाकावर आहे, उतरेल. पाऊसकाळ सरत आला तरी उतरला नाही. बंदूक आली, तुम्ही तिचे नियम घालून दिलेत, तेही मी पाठ फिरवून ऐकले. भरलेली बंदूक बार न काढता घरी आली, तर टोपी काढून ठेवायची आणि घोड्याला चिंधी बांधायची. चिंधी दिसली की भरलेली, नाही दिसली की रिकामी. शिवाय भरण्याआधी गज आत सोडून किती बाहेर राहतो ते बघायचं; आत बार असला तर तो जास्त बाहेर राहतो, आणि बारावर बार भरला तर नळी फुटते. चिंधी हवी म्हणून तुम्ही दोरीवरचं काहीतरी जुनं ओढून फाडलंत. तो माझा शाळेतला निळा परकर होता. त्याचाही मला राग आला.

तुम्ही बरोबर होतात हे मला दसऱ्याच्या आधीच कळलं होतं, बाबा. हे तर आणखी वाईट. भादव्यात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, काकांचं शेजारच्या वावरवाल्याशी वाजलं. त्याने पाळ फोडून पाणी तिकडे वळवलं होतं. काका भर दुपारी धावत घरी आले, डोळे लाल, बंदूक उतरवली आणि ओसरीत बसून भरायला लागले. हात इतके थरथरत होते की दारू निम्मी जमिनीवर. बोळा सापडेना, छर्रे सांडले. मी दारात उभी. मायने काही आरडाओरडा केला नाही, टोप्यांची डबी उचलली आणि पिठाच्या डब्यात खुपसली. तेवढ्यात तुम्ही वावरातून आलात, काकांच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "भर, भर. भरून झाली का सांगजो." काका गज हातात धरून रडायला लागले. दुनळी असती तर दोन काडतुसं सारायला किती वेळ लागतो? ती दुसरी नळी कोणासाठी, ते त्या दुपारी मला कळलं. तुमच्याजवळ यायला हवं होतं, बाबा, चुकले म्हणायला हवं होतं. पण इतके महिने ओढलेला अबोला असा कसा मोडायचा, मी हरले असं होईल, एवढाच विचार माझ्या शिकलेल्या डोक्यात आला.

दसऱ्याच्या सकाळी हत्यारांची पूजा. विळे, खुरपी, पावशी, वखराची पास, सगळं घासून मांडायचं काम माझं. तुम्ही आणि काका आपट्याची पानं आणायला गेला होतात. खुंटीवरची बंदूकही मी उतरवली. घोड्याला ती निळी चिंधी, तेलाने काळी झालेली. आदल्या दिवशी तुम्ही भरून नेली होतीत आणि बार न काढता आणलीत. मला नियम माहीत होता. मी विसरले असं म्हणायची सोय नाही, कारण गाठ सोडताना माझ्या मनात आलं होतं, ही भरलेली आहे. पण पूजेत असली मळकी चिंधी कशी ठेवायची? म्हटलं, सोडते, बाबांना कळवते. कळवायचं म्हणजे मायमार्फत. माय चुलीपाशी पुरणात गुंतलेली. म्हटलं, मग सांगते. चिंधी सोड्याच्या पाण्यात टाकली. बंदुकीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं.

संध्याकाळी तुम्ही सोनं घेऊन आलात. दसऱ्याला कसलीही भांडणं मिटतात, गावात वैरी वैऱ्याच्या दारी जाऊन पानं देतो. त्या वर्षी काकाही धुऱ्यावरच्या त्या माणसाकडे जाऊन आले होते. मी पानं घेऊन तुमच्यासमोर आले. तुम्ही दोन्ही तळहात पुढे केलेत. मातीने भेगाळलेले, दहाही बोटं धड असलेले ते हात मी अजून बघते. मी पानं ठेवली, पाया पडले. तुमचा हात माझ्या डोक्यावर जरा जास्तच वेळ राहिला. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, एवढं म्हणायचं असतं, लहान पोरंही म्हणतात. तुम्ही त्याचीच वाट बघत होतात. ते म्हटलं असतं तर त्याच्यामागून बाकीचं आपोआप आलं असतं, बाबा, चिंधी मी काढली आहे, बंदूक भरलेली आहे. मी उठले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता डुकरं रताळ्यात शिरली. काका नाल्याकडून ओरडले. तुम्ही खुंटीवरून बंदूक ओढलीत, चिंधी नाही हे पाहिलंत, पूजेआधी कुणीतरी बार काढला असेल असं धरलंत, आणि पळत पळतच दारू ओतलीत. गज घालून बघण्याची सवय तुम्ही कधी मोडली नव्हतीत, त्या दिवशी मोडलीत. स्वतःच्या नियमावर तुमचा विश्वास होता. मी परसात कंदिलाची काच पुसत होते. आवाज आला तो नेहमीचा नव्हता, जाडजूड, फुटका. मी धावले. नळी केळ्याच्या सालीसारखी फाटून पडली होती, तुम्ही वाफ्यात बसला होतात आणि डाव्या हाताकडे बघत होतात. डावा डोळा मिटलेला, त्यातून रक्त. माझ्या हातात काच पुसायचं फडकं होतं, तेच मी तुमच्या मनगटाला आवळून बांधलं. बांधून झाल्यावर बघते तर ती निळी चिंधी. धुऊन स्वच्छ झालेली. तुम्ही उरलेल्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा बोलले, "बाबा" म्हटलं. तुम्ही म्हणालात, "रडू नोको, पोरी. पानी आन."

तीन बोटं गेली, डोळा गेला. वर्ध्याच्या दवाखान्यातून तुम्ही घरी आलात तोवर गावाने निकाल लावून टाकला होता. शिकलेल्या पोरीचं ऐकलं असतं, दुनळी घेतली असती, तर हा दिवस आला नसता. ज्याला त्याला तेच. पूर्वी आंजीपासून माणसं तुम्हाला विचारायला यायची, वांग्याचं कोणतं बी धरू, विहीर कुठे खोदू, पोरगी या घरी देऊ का. ती येईनाशी झाली. ज्याला घरच्यासाठी बंदूक निवडता आली नाही, त्याला काय विचारायचं? काकाच आता वावराचं बघू लागले, आणि तेही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की आपण तर दुनळीच म्हणत होतो. भादव्यातली ती दुपार त्यांच्या तोंडी कधी आली नाही. लोक माझं कौतुक करायचे, माझ्यासमोर, तुमच्यासमोर. तुम्ही ओसरीत बसून म्हणायचात, पोरगी बरोबर होती. दर वेळी तेच. चार शब्दसुद्धा नाहीत, तीनच. मी चहा घेऊन उभी असायचे आणि ते ऐकून घ्यायचे.

एकदा, माझं लग्न होऊन मी दसऱ्याला माहेरी आले होते, तेव्हा तुम्ही ओसरीत डाव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी आपट्याची पानं निवडत होतात. मान वर न करता विचारलंत, "ते चिंधी कायची होती वं? लुगड्याची का परकराची?" मी म्हटलं, आठवत नाही. तुम्ही म्हणालात, मले बी नाई आठवत, आणि निवडलेली पानं माझ्या ओंजळीत दिलीत. तो परकर तुम्हीच फाडला होतात, बाबा. तुम्हाला आठवत नसेल कसं? तुम्ही मला दार उघडून दिलं होतं, आणि मी उंबऱ्यावरूनच मागे फिरले. पुढच्या दसऱ्याला तुम्ही नव्हतात.

आता ते वावरही राहिलं नाही, काका नाहीत, माय नाही. तुमची निवड बरोबर होती हे कुणाला सांगू? ज्यांनी तुम्हाला नावं ठेवली त्यांची नातवंडं गावात आहेत, त्यांना ना बंदूक माहीत ना तुम्ही. मी तोंड उघडण्याच्या लायक होईपर्यंत ऐकणारं कुणी उरलं नाही. हे पत्र घडी घालून कपाटात ठेवीन, आणि मी गेल्यावर कुणीतरी न वाचताच रद्दीत घालेल, तेही मला चालेल. आणखी एक, खरं तेच लिहायचं तर. तुम्ही जिवंत असतात, समोर ओसरीत बसलेले असतात, तर यातली एक ओळ मी लिहिली नसती. मायला म्हटलं असतं, बाबांना सांग.