टाचेच्या हाडातली गाठ

१० जानेवारी
टाचेच्या हाडात गाठ निघाली. चरबीची. कॅन्सर नाही, डॉक्टर दोनदा म्हणाले. पण हाड आतून पोखरलंय, कधीही मोडेल. आणि मी वर्षभर एरंडाचं पान बांधत बसले!
ऑपरेशन रत्नागिरीत, मग तिथेच मुलाकडे, सागरकडे राहायचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मंडणगडचं घर बंद केलं, गाय शेजारच्या धोंडूभावजींवर सोपवून आले.

१७ जानेवारी
गाठ खरवडून काढली. कमरेचं हाड घेऊन टाचेत भरलं. टाच बरी, कंबरच ठणकते.

२१ जानेवारी
सागरनं नि त्याच्या मित्रानं खुर्चीत बसवून वर आणलं. दीड महिना पाय टेकायचा नाही.
राही सगळं करते – भांडं देते, पाठ पुसते – पण बोलत नाही. सून आहे, माझं ओझं झालं असणार.

३० जानेवारी
सागर कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतो. आज आवाजावरून कळलं. विचारलं, तर म्हणे, तू पडलीबिडलीस, दार उघडं राहिलं, तर? काळजी करतो पोर.
खिडकीतून समोरची भिंत दिसते. बाकी काही नाही.

१२ फेब्रुवारी
धोंडूभावजींचा फोन. गाय व्यायली, पाडी झाली. मला रडूच आलं. मग चाचरत म्हणाले, "वहिनी, गाय आता आमच्याकडेच ठेवायची ना? सागर म्हणाला, तुम्ही काय परत येत नाही."
संध्याकाळी सागरला विचारलं. आवाज न चढवता म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच ना, आई." गावच्या घराची किल्लीही त्याच्याकडेच आहे.
जेवले नाही.

१३ फेब्रुवारी
कुलूप लागल्यावर राहीला म्हटलं, माझ्यापायी तूही अडकलीस गो.
ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुलूप तुम्ही यायच्या आधीपासूनचं आहे, आई."
लग्नाआधी मिरजोळ्याला कंपनीत पॅकिंगला जायची. ते सुटलं. मग माहेर सुटलं. मग खाली दूध आणायला जाणंही. दोन वर्षं झाली. मी दिवाळीला यायची, फराळ करून जायची, आणि काही दिसलं नाही मला. माझाच मुलगा! अंगणवाडीत शंभर पोरं हाताखालून गेली माझ्या.

२० फेब्रुवारी
काही नाही. भिंत.

४ मार्च
प्लास्टर काढलं. एक्स-रे चांगला, हाड भरतंय. काठी घेऊन हळूहळू चाला म्हणाले. पाय काडीसारखा झालाय, टेकवला तर परक्याचा वाटला.
परवा व्यायाम शिकायला पुन्हा दवाखान्यात. मला धरायला राही सोबत. सागर दोघींना सोडणार, बाराला न्यायला येणार.

६ मार्च
एसटीत लिहितेय, अक्षर हलतंय. दहालाच व्यायाम झाला. रिक्षात मला चढवलं राहीनं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "स्टँडवर घ्या."
कंडक्टर आला. मी म्हटलं, दोन महिला, मंडणगड.