आत्यानं आधी सहा सांगितले

माघ पौर्णिमा, २००८. सालेकसा, संध्याकाळ.

कचारगडच्या जत्रेतून आत्ताच आलो. पोराची सोयरीक आज तिथं पक्की व्हायची होती. काय होऊन बसलं, मलाच कळेना.

चहा पिताना मुलीच्या बापानं सहज विचारलं, "भाऊ, तुम्ही किती देवाचे?" आम्हा गोंडांत हे आधी विचारतातच. देवांची संख्या सारखी असली की ती घरं भाऊ-भाऊ, त्यांच्यात लग्न नाही. मी ठोकून दिलं, "सात." खरं तर मला काय ठाऊक? बाप लवकर गेला, मी गोंदियात गॅरेजमध्ये वाढलो.

दरेकशाची आत्या शेजारी होती. ती पटकन म्हणाली, "सात कायचे? आपण सहा देवाचे."

मुलीच्या बापानं कप खाली ठेवला. "आम्हीबी सहाच. मंग पोट्टी तर बहीणच झाली ना जी!"

आत्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाली, "सातच असतीन. म्हातारीच्या डोक्याचा काय भरोसा?"

इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस मी. सहा पटकन आले, सात सावकाश. की तिला मागाहून खरंच आठवलं? मग आधी माझ्याकडे काऊन पाहिलं?

आता उद्या देवाजवळ, भुमक्यासमोर, म्हणजे आमच्या पुजाऱ्यासमोर, किती देवाचे ते सांगायचं आहे. येताना जीपमध्ये आत्या हळूच म्हणाली, "तू सांगशीन तेच मी सांगीन, बापू." ही सुटका झाली की फास बसला?

पोरगा मागच्या खोलीत शिट्टी वाजवून राहिला आहे. त्याला वाटतं, ठरलं.