सरासरीचं बाळ

प्रिय चिमणे,

आधी बसून घे. हातातलं काम बाजूला ठेव आणि मग वाच. घाबरू नकोस, वाईट काहीच नाही. उलट इतकं चांगलं आहे की सकाळपासून माझे पाय जमिनीवर नाहीत. घरी येऊन तुझ्या भाऊजींना एका दमात सगळं सांगून टाकलं, तर ते म्हणाले, "मला फक्त 'झालं गं बाई झालं' एवढंच कळलं. आता पाणी पी आणि पहिल्यापासून सांग." त्यांना सांगून झालं, आता तुला सांगते. मी तुला वॉर्डाबद्दल कधी काही लिहीत नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. गच्चीतल्या कुंड्या, यांचे गुडघे, तुझ्या भाचीच्या नोकरीतल्या कटकटी, यावरच माझी पत्रं संपतात. आज मात्र सगळं वॉर्डाबद्दलच आहे. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांब, चहा करून घे. पण शेवटपर्यंत वाच, एवढं माझं ऐक.

वॉर्ड आता नव्या इमारतीत गेला आहे. खिडक्या मोठ्या आहेत, पण दिवस भरायच्या आत आलेली बाळं तशीच, तळहाताएवढी, काचेच्या पेटीत टोपी घालून झोपलेली. प्रत्येकाच्या छातीला वायर, वायरीच्या टोकाला पडदा, आणि पडद्यावर ठोके. पूर्वी तो पडदा आकडा दाखवायचा आणि विसरून जायचा. आम्ही तासातासाला बघून तक्त्यावर एक आकडा लिहायचो. म्हणजे बाळाच्या काळजाचे हजारो ठोके पडून जायचे आणि त्यातला एक क्षण कागदावर उरायचा. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की प्रत्येक ठोका साठवून ठेवायचा. दोन ठोक्यांमध्ये किती अंतर, एवढंच, पण एकूण एक. साठवायला सुरुवात झाली आणि पुढे कितीतरी दिवस त्या नोंदी नुसत्याच पडून राहिल्या, कारण त्यांचं काय करायचं हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

मग त्या नोंदींचा अर्थ लावायला आली आकडेबाई. हे नाव आमच्या आयाबाईंनी ठेवलं आणि तिनेही ते आनंदाने लावून घेतलं. वय तुझ्या भाचीएवढं, पायात धावायचे बूट, केसांत कायम एक पेन खोचलेलं आणि तेच पेन ती दिवसभर शोधत असते. तिला बसायला जागा नव्हती म्हणून चादरींच्या खोलीत एक टेबल दिलं. पहिल्याच दिवशी तिने मला गाठलं आणि विचारलं, "सिस्टर, बाळ बिघडायला लागलंय हे तुम्हाला कशावरून कळतं?" मी म्हटलं, "कळतं." ती म्हणाली, "हो, पण कशावरून?" मी बऱ्याच फुशारक्या मारल्या. त्यातली एक अशी की ड्युटी बदलायच्या वेळेलाच बाळं बिघडतात, हे मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आले आहे. तिने दोन दिवसांत सगळ्या नोंदी चाळल्या आणि एक आलेख पुढे ठेवला. दिवसातल्या कुठल्याही वेळी सारखंच! मी भांडले. ती हसून म्हणाली, "तुम्ही निघायच्या घाईत असता तेव्हा घडलेलं तुमच्या जास्त लक्षात राहतं. एरवीचं विसरायला होतं. माझंही तसंच होतं, म्हणून तर मोजायचं." मला राग आला, आणि संध्याकाळपर्यंत तो जाऊन नुसती गंमत वाटायला लागली. या वयात आपलं एखादं पक्कं मत असं धाडकन पडलं की बरं वाटतं गं, घरातला जुना माळा रिकामा केल्यासारखं.

आमचा खरा वैरी म्हणजे रक्तातला जंतुसंसर्ग. बाळ वरून गुलाबी दिसतं, दूध पचवतं, आणि एकाएकी राखेसारखं होतं. मग सगळी धावपळ. औषध असतं, पण ते उशिरा पोचतं. आकडेबाईचं म्हणणं असं की बाहेरून दिसायच्या काही तास आधी ठोक्यांमध्ये काहीतरी बदलत असणार, आणि ते यंत्राला शिकवता येईल. शिकवायचं म्हणजे काय, तर साठवलेल्या नोंदी त्याच्यापुढे ठेवायच्या आणि सांगायचं, हे बाळ पुढे आजारी पडलं, हे पडलं नाही. आता फरक तूच शोध. त्यासाठी जी बाळं ठणठणीत होऊन घरी गेली त्यांच्या नोंदी लागतात, तशा जी गेली नाहीत त्यांच्याही लागतात. नोंदींचे तिने दोन ढीग केले. एकावर शिकवणी, दुसरा कुलपात, परीक्षेसाठी. मी विचारलं, कुलूप कशाला? तर म्हणे, "पेपर फुटला तर पहिला नंबर कोणीही काढेल, सिस्टर."

पहिलं यंत्र बसवलं ते अगदी फजितीचं निघालं. सारखं ओरडायचं. या बाळाचे ठोके जास्त, त्याचे कमी, ही ओरड, ती ओरड. आम्ही धावत जावं तर बाळ मजेत अंगठा चोखतंय. चौथ्या दिवशी एका सिस्टरने त्याच्यावर टॉवेल टाकला आणि कोणीच तो काढला नाही. आकडेबाईने टॉवेल पाहिला, तिचा चेहरा एवढासा झाला. आम्ही दोघी चादरींच्या खोलीत बसलो. तिने सांगितलं की यंत्र प्रत्येक बाळाची तुलना सगळ्या बाळांच्या सरासरीशी करतंय. मी म्हटलं, "अगं, आमच्या घरातल्या सगळ्यांच्या पायांची सरासरी काढून चपला आणल्या तर त्या कोणालाच बसणार नाहीत. सरासरीचं बाळ कुठल्या पेटीत आहे, दाखव मला." ती टाळी वाजवून म्हणाली, "बरोबर! आणि मी दुसरीही चूक करतेय, मी मधलाच आकडा बघतेय. पसरण बघतच नाहीये!" पसरण म्हणजे काय ते तिने मला कागदावर दाखवलं. दोन बाळं, दोघांच्या ठोक्यांची सरासरी अगदी एकच. पण एकाची रेघ डोंगरदऱ्यांसारखी, सारखी वरखाली. दुसऱ्याची सडकेसारखी सपाट, मध्येच एखादा खड्डा. सरासरी विचारली तर जुळी भावंडं. पण धडधाकट बाळाचं काळीज अवखळ असतं, चिमणे. कूस बदलली की पळतं, झोप लागली की रेंगाळतं. आजार आत शिरला की ते अवखळपण आधी जातं. मग तिने यंत्राला नव्याने शिकवलं: या बाळाची रेघ याच्याच कालच्या रेघेशी ताडून बघ, आणि ती सपाट होतेय का ते सांग. कुलपातला ढीग बाहेर काढला, परीक्षा घेतली. यंत्र शंभर टक्के पास झालं नाही, पण पास झालं.

त्यानंतरचं भांडण यंत्राने इशाऱ्याचा दिवा कधी लावावा यावर. जरा शंका आली की लावायचा, तर खोटी हाक वाढते आणि टॉवेल परत येतो. खात्री पटल्यावर लावायचा, तर एखादं बाळ हातचं जातं. मला वाटायचं, यंत्र हुशार झालं की असले प्रश्न सुटतात. सुटत नाहीत. ते फक्त सांगतं की शक्यता किती. कुठे रेघ मारायची ते माणसांनी ठरवायचं. मोठ्या डॉक्टरबाई, आम्ही सिस्टरा, आकडेबाई, सगळ्या बसलो आणि ठरवलं: खोट्या हाका थोड्या सोसू. आवाज काढून टाकला, नुसता पिवळा दिवा ठेवला.

आणि तो दिवा पैलवानासाठी लागला. पैलवान म्हणजे आमच्याकडचं सगळ्यांत चिमुकलं पोर, म्हणून हे नाव. भर दुपार, भेटायची वेळ. त्याची आई पेटीत हात घालून बसली होती, त्याने तिचं बोट धरलं होतं. रंग छान, दूध छान. आणि वर पिवळा दिवा. खरं सांगते, मला वाटलं, झालं, ही खोटी हाक. तरी मोठ्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी बाळ तपासलं, काही सापडलं नाही. मग पडद्यावरची रेघ बराच वेळ बघत राहिल्या. कालची डोंगरदऱ्यांची, आजची सडकेची. म्हणाल्या, "रक्त पाठवा, आणि औषध आत्ताच सुरू करा. चुकले तर माझ्या नावावर." संध्याकाळी पैलवान राखेसारखा झाला. पण तोवर औषध त्याच्या अंगात भिनलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला, रक्तात जंतू होते. मधले काही दिवस फार कठीण गेले, आणि मग एका सकाळी माझ्यासमोर त्या रेघेत एक छोटासा डोंगर आला! मग आणखी एक! आमच्या वॉर्डात कोणी आवाज चढवत नाही, म्हणून आम्ही सगळ्या चादरींच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि उशांमध्ये तोंड खुपसून ओरडलो. मोठ्या डॉक्टरबाईसुद्धा.

ओरडली नाही ती फक्त आकडेबाई. डोळे पुसत म्हणाली, "एक बाळ म्हणजे पुरावा नव्हे. नशीबही असू शकतं." मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. आणि पुढचं ऐकून तर मी तिच्याशी बोलणंच टाकलं. ती म्हणाली, आता खरी कसोटी. आईबापांना विचारून, जे हो म्हणतील त्यांच्या बाळांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्यांचा दिवा आम्हाला दिसेल, निम्म्यांचा झाकलेला राहील, त्यांची काळजी आजवर घेत आलो तशीच घ्यायची. मी म्हटलं, "झाकायचा? बाळं वाचवणारी गोष्ट झाकायची?" ती शांतपणे म्हणाली, "वाचवते हे आपल्याला माहीत नाही, सिस्टर. आपल्याला तसं वाटतं. विनाकारण दिलेल्या औषधाने नुकसान होत असेल तर? आणि नीट सिद्ध झालं नाही तर दुसरं कुठलंही हॉस्पिटल हे लावणार नाही." मी एक आठवडा तोंड फिरवून होते. मग मीच तिच्यासाठी चहा घेऊन गेले, कारण तिचं म्हणणं कुठे चुकतं ते मला सापडेना. दूरच्या दोन हॉस्पिटलांनीही भाग घेतला. आमच्यापासून निकाल लपवलेला होता, म्हणजे आमच्या आशेची छाया कामात पडायला नको.

तो निकाल आज सकाळी उघडला! आम्ही सगळ्या त्या टेबलाभोवती, कोणी खुर्चीवर, कोणी चादरींच्या गठ्ठ्यावर. आकडेबाईने मलाच बटण दाबायला सांगितलं. दोन आकडे शेजारी शेजारी आले. मला त्यातलं पहिल्यांदा काही कळेना, मी फक्त तिच्या तोंडाकडे बघत होते. ती वाचत गेली, पुन्हा वाचलं, आणि मग केसांतलं पेन काढून हवेत फेकलं. दिवा दिसत होता त्या बाजूची जास्त बाळं घरी गेली होती. स्पष्ट जास्त. इतका फरक नुसत्या योगायोगाने पडणं फार अवघड, असं ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून 'फार अवघड' म्हणजे काय ते आता मला कळतं. सगळी वाचली नाहीत. दिवा न लागता गेलेलीही आहेत, तेही त्याच कागदावर लिहिलं आहे. पण दिवे आता झाकायचे नाहीत. इतर हॉस्पिटलंही लावणार आहेत.

चिमणे, आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. तुझी लेक आमच्या वॉर्डात होती तेव्हा ठोके नुकतेच साठवायला लागले होते. मावशी म्हणून मला तिच्या पेटीवर ड्युटी नव्हती. मी काचेबाहेर तुझ्याशेजारी उभी होते. नंतर, सगळं संपल्यावर, हॉस्पिटलने विचारलं की तिच्या नोंदी शिकण्यासाठी ठेवू का. तू हो म्हणालीस. आणि दारात माझा हात धरून विचारलंस, "ताई, याचा काही उपयोग होईल ना गं?" मला उत्तर देता आलं नाही, आणि तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. तिची रेघ कुठली ते मला माहीत नाही, नावं सगळी काढलेली आहेत, आणि मी शोधलीही नाही. पण यंत्र ज्या बाळांकडून शिकलं, ज्यांच्यावर पारखलं गेलं, त्यांत ती आहे. पेटीतल्या त्या थोड्या दिवसांतलं तिचं अवखळपण त्यात आहे, आणि ते कसं गेलं तेही. पैलवानाची आई आज त्याला कडेवर घेऊन पेढ्यासारख्या गोड चेहऱ्याने आली होती. तिला हे ठाऊक नाही, तुला ठाऊक असावं. फोनवर मला हे धड बोलता आलं नसतं. उपयोग झाला, चिमणे. खूप झाला, आणि अजून होत राहणार आहे.

तुझीच,
ताई